शाळेची खनिज पेटी : नववीच्या वर्गासोबतच्या प्रकल्प नोंदी

18 नोव्हेंबर 2024

दिवाळीच्या सुटीनंतर आज पहिल्यांदाच पूर्ण वर्ग भरला. प्रकल्प ठरला: शाळेची स्वतःची खनिज पेटी. प्रयोगशाळेतल्या जुन्या संचाच्या चिठ्ठ्या वाळवीने खाल्ल्या आहेत, कुठला दगड कोणता ते आता कळत नाही. आपण सातपुड्याच्या पायथ्याशी राहतो, चोपडा तालुक्यात कुठेही विहीर खणली की काळा पाषाण लागतो, मग दगड विकत का आणायचे?

प्रत्येक नमुन्याच्या चिठ्ठीवर पाच रकाने: नाव, रंग, कस (घासल्यावर उमटणाऱ्या रेघेचा रंग), काठिण्य, कुठे सापडला. काठिण्यासाठी, म्हणजे कोण कोणावर ओरखडा काढतो त्यासाठी, खनिजतज्ज्ञ मोहस यांची 1812 ची मोजपट्टी. शंखजिरे 1, जिप्सम 2, कॅल्साइट 3, असं चढत क्वार्ट्‌ज म्हणजे गारगोटी 7 आणि हिरा 10. नखाचं काठिण्य अडीचच्या आसपास, काच आणि चाकूचं पातं साडेपाच, कानस साडेसहा. एवढं जवळ असलं की निम्मी ओळख जागेवर होते.

21 नोव्हेंबर

काल मतदानाची सुटी. आज तास संपल्यावर एक मुलगी थांबली. कंपासपेटीतून पाटीवरची पेन्सिल काढून हळूच विचारलं, "मॅडम, हाई बी दगडच शे ना?" म्हटलं, हो, दगडच. मग ती म्हणाली, "खाल्ला तर काय व्हस?"

पेन्सिलीचं टोक शिसपेन्सिलीसारखं टोकदार नव्हतं, दातांनी कुरतडलेलं होतं. कंपासमध्ये आणखी चार तुकडे.

तिला रागावले नाही. रोज किती खातेस विचारलं. तीन-चार. आणि पाऊस पडला की भिंतीच्या मातीचा वास आला तरी तोंडाला पाणी सुटतं म्हणाली. तिच्या खालच्या पापणीची आतली कड पाहिली, जवळजवळ पांढरी.

चिठ्ठीवर सहावा रकाना वाढवायचा ठरवला: अंगाला काय करतो.

25 नोव्हेंबर

मुलीच्या आईला बोलावलं. आई म्हणाली, "मी बी तिच्या वेळी भाजलेली माती खायची, त्यात काय?" त्यांना समजावून सांगितलं. माती, पेन्सिल, खडू, कच्चा तांदूळ खावासा वाटणं हे बऱ्याचदा अंगातलं लोह कमी झाल्याचं लक्षण असतं. वाईट सवय म्हणून मारून सुटत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासायचं ठरलं.

27 नोव्हेंबर

हिमोग्लोबिन 8.9. तिच्या वयाच्या मुलीला 12 तरी हवं. डॉक्टरांनी रोजची लोहाची गोळी आणि जंताची गोळी दिली. शाळेत दर आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी ती घेत नव्हती, मळमळतं म्हणून खिशात ठेवायची. हे मला आजवर कळलं नव्हतं. कळायला हवं होतं.

2 डिसेंबर

आज पेन्सिलींचीच तपासणी. गावातल्या दुकानांतून दोन प्रकार मिळाले: मऊ पांढरी आणि कडक राखाडी. दोन्हींवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा एकेक थेंब. पांढरीवर सोड्याच्या बाटलीसारखा फेस आला, म्हणजे ती कॅल्शियम कार्बोनेटची, चुनखडीच्या कुळातली. राखाडीवर थेंब नुसता बसून राहिला. ती पाटीच्या खडकाची: चिकणमातीतली खनिजं, अभ्रक आणि बारीक गारगोटी.

आमची मुलगी खाते ती पांढरी. इथे फळ्यावर बाण काढून दाखवलं, कारण हा फास नीट समजायला हवा. लोह कमी पडलं म्हणून पेन्सिल खावीशी वाटते. पेन्सिलीतला कॅल्शियम आतड्यात लोह शोषू देत नाही. म्हणून लोह आणखी कमी होतं, आणि पेन्सिल आणखी खावीशी वाटते. मातीचंही तसंच. चिकणमाती लोहाला धरून ठेवते, वर जंतांची अंडी पोटात जातात ती वेगळीच.

एकाने विचारलं, मग गेरू खाल्ला तर? गेरूत तर लोहच आहे. प्रश्न फार चांगला. हेमॅटाइट या लोहखनिजाचा तुकडा काढला. दिसायला काळपट, पण फरशीच्या खरबरीत पाठीवर ओढला की रेघ लाल विटकरी. गेरूचा रंग तोच. पण हेमॅटाइटमधलं लोह हे गंज स्वरूपातलं, पोटात जवळजवळ विरघळतच नाही, आलं तसं निघून जातं. गोळीतल्या लोहाचं क्षार रूप विरघळतं. ती जेवणानंतर लिंबू पिळलेल्या पाण्यासोबत घ्यायची, चहासोबत कधीच नाही. आपल्याकडे जेवण झालं की लगेच चहाचं आधण ठेवतात, तेवढं तासभर पुढे ढकला म्हणून घरी सांगायला लावलं.

7 डिसेंबर

शनिवार, सकाळची शाळा सुटल्यावर नव्या विहिरीवर गेलो. चाळीस फुटांवर मांजऱ्या खडक लागलाय, म्हणजे काळ्या पाषाणात पांढरे ठिपके-पोकळ्या असलेला. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसातले वायूचे बुडबुडे रिकामे राहिले, मग पाण्याने त्यांत हळूहळू खनिजं भरली. मालकांनी ढिगारा उपसू दिला.

सापडलेल्यांत सगळ्यांत देखणा नमुना स्टिल्बाइटचा. फिक्या पीचच्या रंगाचा, आणि आकार हुबेहूब दादर ज्वारीच्या कडब्याची पेंढी मधोमध बांधावी तसा: दोन्ही टोकांना पसरलेला, कंबरेत आवळलेला. पोरांनी त्याचं नाव पेंढीच ठेवलं. शिवाय सुयांच्या झुबक्यासारखा स्कोलेसाइट, हिरवट झाक असलेला अपोफिलाइट, गारगोट्या तर खंडीभर. जळगाव जिल्ह्यातल्या सावद्याचे असे नमुने जगभरच्या संग्रहालयांत आहेत. आपल्या शेताच्या बांधावर ते मुरमाबरोबर रस्त्यात भरले जातात.

विहिरीत कोरडं ड्रिलिंग चालू होतं. वर येणारा माणूस पिठाच्या गिरणीतून आल्यासारखा पांढरा. त्याला रुमाल ओला करून बांधायला सांगितलं, त्याने बांधला. ओल्या रुमालाने बारीक धूळ अडत नाही हे मला माहीत आहे. खरा उपाय ड्रिलवरच पाणी सोडणं. मालकांशी त्यावर बोलले, बघतो म्हणाले.

10 डिसेंबर

पेंढीचा एक तुटका काप परीक्षानळीत घालून स्पिरिटच्या दिव्यावर धरला. मिनिटाभरात नळीच्या वरच्या गार काचेवर पाण्याचे थेंब. वर्ग एकदम गप्प झाला. कोरडा खटखटीत दगड, दोन दिवस उन्हात होता, आणि पाणी सोडतोय. मग काप फुगून दुधाळ झाला, पापुद्रे सुटले.

स्वीडनच्या क्रोनस्टेट यांनी 1756 मध्ये असाच तापवलेला दगड उकळल्यासारखा फसफसताना पाहिला आणि या कुळाला झिओलाइट म्हटलं, उकळणारा दगड. आत सूक्ष्म पोकळ्यांची जाळी असते. तीत पाणी असतं, सोडियम-कॅल्शियम असतात, आणि त्यांची अदलाबदल होऊ शकते. जड पाणी मऊ करणाऱ्या यंत्रांत पूर्वी हेच वापरत.

सहावा रकाना भरताना मात्र थांबावं लागलं. पेंढी हातात धरली, कपाटात ठेवली तर निरुपद्रवी. पण याच कुळातला एरिओनाइट तंतूंचा असतो. तुर्कस्तानातल्या कापादोकिया भागातल्या कराइन गावात घरं त्याच मऊ खडकाची, आणि तिथे फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग पिढ्यान् पिढ्या होत राहिला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 1987 मध्ये एरिओनाइटला पहिल्या गटात टाकलं, म्हणजे माणसात कर्करोग करतो हे सिद्ध. एकाच कुळातले दोन दगड. एक पापुद्र्यांचा, एक केसासारख्या तंतूंचा. रसायन जवळजवळ सारखं असूनही आकारामुळे एवढा फरक पडतो. म्हणून स्कोलेसाइटच्या चिठ्ठीवर लिहिलं: सुया मोडू नये, कुटू नये, झाकण लावून ठेवावा.

16 डिसेंबर

गारगोटीचा दिवस. काचेवर ओरखडा, कानशीवरही ओरखडा. दोन गारगोट्या अंधारात घासून चमक पाहिली. मुलं खूश.

चिठ्ठी कोण लिहिणार विचारलं तर सातपुड्यातल्या पाड्यावरून येणारा, वसतिगृहात राहणारा एक मुलगा उभा राहिला. एरवी बोलत नाही. म्हणाला, त्याचा मामा गुजरातेत गारगोटी दळण्याच्या कारखान्यात कामाला होता. मामाचं गाव नर्मदेपलीकडे, अलिराजपूरकडे. दोन पावसाळे काम केलं, परत आला तर चढ चढवेना. टीबीच्या गोळ्या दोनदा पूर्ण झाल्या, फरक पडला नाही. पस्तिशीच्या आत गेला. "मॅडम, टीबीच होती का ती?"

मी डॉक्टर नाही, आणि गेलेल्या माणसाचं निदान मी करू नये. तसं त्याला सांगितलं. पण जे माहीत आहे तेही लपवलं नाही. गारगोटी दळली की तिचे इतके बारीक कण होतात की डोळ्यांना दिसत नाहीत. नाकातले केस, घशातला चिकटा त्यांना अडवू शकत नाहीत. थेट फुप्फुसाच्या शेवटच्या फुग्यापर्यंत पोचतात. तिथल्या सफाई करणाऱ्या पेशी कण गिळतात आणि मरतात, कण पुन्हा सुटतो, पुढची पेशी गिळते. त्या जागी व्रण, व्रणाची गाठ, आणि फुप्फुस चामड्यासारखं होत जातं. हा सिलिकोसिस. त्यावर औषध नाही. काम सोडलं तरी आजार पुढे सरकत राहतो. त्यात टीबीही लवकर धरते, त्यामुळे टीबीच्या नावाखाली हा आजार लपून जातो.

अलिराजपूर, झाबुआ, धार इथले आदिवासी मजूर गोध्रा भागातल्या गारगोटीच्या कारखान्यांत जाऊन असे मेले. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने 2010 मध्ये 238 मृतांच्या वारसांना प्रत्येकी 3 लाख रुपये द्यावेत अशी शिफारस गुजरात शासनाला केली. हे सांगताना मुलगा माझ्याकडे बघत नव्हता, हातातल्या गारगोटीकडे बघत होता.

चिठ्ठी त्याने लिहिली. अक्षर बारीक, दोनदा खोडलेलं: "गारगोटी. काठिण्य 7. कस पांढरा. धरली तर काही नाही. गिळली तर निघून जाते. दळताना श्वासात गेली तर माणूस जातो." शेवटच्या ओळीची भाषा सुधारावी का म्हणून मी पेन उचललं, आणि खाली ठेवलं.

17 डिसेंबर

कालच्या तासावरून एकाचा प्रश्न: मग काळ्या पाषाणाच्या खडी क्रशरवरही तेच? तितकं नाही. आपल्या काळ्या पाषाणात, म्हणजे बेसाल्टमध्ये, फेल्डस्पार आणि पायरॉक्सिन ही खनिजं जास्त, सुटी गारगोटी फार थोडी. ग्रॅनाइट किंवा वाळूच्या दगडात ती भरपूर असते. पण आपल्याच मांजऱ्या खडकात गारगोटीच्या गाठी असतात, आणि कोणतीही दगडाची धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली तर दम लागतोच. पाण्याचा फवारा, तोंडाला नीट बसणारा मास्क, पट्ट्यावर झाकण, एवढं असायलाच हवं.

घरोट (दगडी जातं) टाकवणारे बाबा वर्गात आणायचे होते. टाकी कशी मारतात ते दाखवायला तयार होते, पण शेतावर गेले. पुढच्या वेळी.

23 डिसेंबर

राखाडी पेन्सिल पुन्हा. ती येते कुठून? मंदसौर, मध्य प्रदेश. तिथे पाटीचा खडक करवतीने कापून पेन्सिली होत, आणि कापणारे तरुण कामगार सिलिकोसिसने मरत. मध्य प्रदेशने 1982 मध्ये पेन्सिल कामगारांसाठी वेगळा कल्याण निधी कायदा केला.

मुलीने आणि गारगोटीवाल्या मुलाने मिळून पेन्सिलीची चिठ्ठी केली. खाणाऱ्याचं रक्त आणि कापणाऱ्याचं फुप्फुस, दोन्ही एकाच चिठ्ठीवर. हे त्यांचं त्यांनी जोडलं, मी सांगितलं नव्हतं.

6 जानेवारी 2025

प्रयोगशाळेची सफाई, आणि धक्का. कपाटाच्या खालच्या खणात अकरा जुन्या तारेच्या जाळ्या, मधे पांढरा गोल थर. बीकरखाली ठेवतो त्याच. थर उसवलेला, कापसासारखे धागे सुटलेले. हा ॲस्बेस्टॉस. तो सर्पेंटाइन कुळातला क्रायसोटाइल, खडकातून कापूस निघावा तसा निघतो, जळत नाही, म्हणून शंभर वर्षं सगळीकडे वापरला. त्याचे तंतू फुप्फुसात गेले की वीस-चाळीस वर्षांनी कर्करोग. मी स्वतः बी.एड.च्या वर्षी अशा जाळ्या ब्रशने खरवडून साफ केल्या आहेत. कुणी सांगितलं नव्हतं.

मुलांना बाहेर काढलं. पंखा बंद. मी आणि शिपाई मामा, मास्क लावून, फवाऱ्याच्या बाटलीने जाळ्या भिजवल्या, जाड प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत घालून चिकटपट्टी लावली, वर मोठ्या अक्षरात लिहिलं. फरशी ओल्या फडक्याने पुसली, झाडू लावला नाही. मुख्याध्यापकांकडे अर्ज: चिनी मातीच्या थराच्या नव्या जाळ्या, आणि ही पिशवी धोकादायक कचऱ्याच्या अधिकृत केंद्रापर्यंत पोचवण्याची सोय.

सायकल स्टँडचे सिमेंटचे पत्रेही याच मालाचे. अखंड असतील तोवर त्यांना हात लावायचा नाही. भोक पाडायचं नाही, फोडायचं नाही, तुटका तुकडा चुलीजवळ ठेवायचा नाही.

पेटीत ॲस्बेस्टॉस ठेवायचा नाही. त्याची नुसती चिठ्ठी आणि चित्र.

13 जानेवारी

उद्या संक्रांत. मुलींनी रांगोळीची चार पाकिटं आणली. एकेक चिमूट, एकेक थेंब आम्ल. तीन फसफसली: संगमरवराची पूड. चौथी गप्प, आणि काचेवर बोटाने चोळली तर ओरखडे. गारगोटी! तिची धूळ चाळताना-रंगवताना उडते, म्हणून ती जरा ओलसर करून घालायची. नसलेलीच बरी.

20 जानेवारी

आठवडे बाजारातून सुरम्याचा खडा मिळाला. चमक आरशासारखी, तुटला की चौकोनी ठोकळे. तराजूवर 22 ग्रॅम, मोजपात्रात पाणी 3 मिली वर चढलं. घनता सातच्या वर. गारगोटीची 2.65. एवढा जड म्हणजे गॅलेना, शिशाचं सल्फाइड. हा कुटून बाळाच्या डोळ्यात घालतात. डोळ्यातून नाकात, हातावरून तोंडात, आणि शिसं लहान मुलाच्या मेंदूला धरतं. सुरक्षित म्हणावं असं त्याचं प्रमाणच नाही. काजळ लावायचंच तर घरच्या दिव्याच्या काजळीचं, तेही डोळ्यात नको, कानामागे पुरे.

वर्गातल्या तिघींच्या घरी तान्ही भावंडं आहेत. तिघींच्या वहीत हे पान आज घरी जाणार.

27 जानेवारी

एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी पेटीसाठी स्वतःचा मुतखडा पाठवला! काडेपेटीत कापसावर, डाळीच्या दाण्याएवढा, तपकिरी, खडबडीत. मुलं आधी हसली, मग भिंग घेऊन रांगेत उभी राहिली.

मुतखडे बहुतेक कॅल्शियम ऑक्झलेटचे, आणि त्याच पदार्थाचं व्हेवेलाइट नावाचं खनिज निसर्गातही सापडतं. म्हणजे हा खरोखर खनिजाचा नमुना. आपली हाडं आणि दातही ॲपेटाइट कुळाचे, मोहसच्या पट्टीवर पाच.

मग पाण्यावर गाडी आली. इथल्या कूपनलिकांचं पाणी जड, डाळ शिजत नाही, हंड्याला खपल्या धरतात. गावात सगळे मुतखड्याचा दोष त्या पाण्याला देतात. आमच्या ग्रामपंचायतीच्या संचाने तपासलं तर कठीणपणा लिटरला 480 मिलिग्रॅम आला. मानकात 200 इष्ट, दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालतं. पण मोठं कारण उन्हात आहे: मे महिन्यात पारा 45 च्या वर, केळीच्या बागेत दिवसभर काम, आणि पाणी दोन तांबे. लघवी घट्ट झाली की खडा धरतो. दूध सोडून उपयोग नाही. जेवणातला कॅल्शियम उलट ऑक्झलेटला पोटातच बांधतो. पाणी भरपूर, लिंबू, मीठ कमी.

मिठावरून अर्धा तास. बऱ्याच घरांत आता शेंदेलोण (सैंधव) आलंय, ते शुद्ध म्हणून. हॅलाइट म्हणजे खनिज मीठच ते, गुलाबी रंग किंचित लोहाचा. त्यात आयोडीन घातलेलं नसतं. रोज 150 मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं, ते न मिळालं तर गलगंड, आणि गरोदर बाईच्या पोटातल्या बाळाची बुद्धी खुंटते. डोंगरपट्ट्यातल्या मातीत आयोडीन कमी, म्हणून आयोडीनच्या मिठाची पिशवी सोडू नये.

3 फेब्रुवारी

मुलीचं हिमोग्लोबिन 10.8. आई स्वतः सांगायला आली. पेन्सिलीची आठवण अजून येते, पण दिवसाला एखादीच, तीही नुसती हुंगते म्हणाली. गोळ्या आणखी तीन महिने चालू, साठा भरायला.

28 फेब्रुवारी

राष्ट्रीय विज्ञान दिन. व्हरांड्यात पेटी मांडली, मिठाईच्या खोक्यांचे कप्पे करून 26 नमुने. लोक पेंढीपाशी सगळ्यांत जास्त थांबले. पण चिठ्ठ्या वाचत वाचत सहाव्या रकान्यापाशी येऊन बायका एकमेकींना बोलावत होत्या. सुरम्याच्या खड्यापाशी एका आजींनी बराच वेळ हात मागे धरून ठेवला, मग नातसुनेला म्हणाल्या, "हाऊ आपला घरमा शे, फेकी दे."

विहिरीचे मालक आले होते. ड्रिलला पाण्याची नळी जोडलीय म्हणाले. उद्या जाऊन बघायचं.

3 मार्च

राहिलेली कामं: ॲस्बेस्टॉसची पिशवी अजून कपाटातच, अर्जाला उत्तर नाही, पुन्हा लिहायचं. निळ्या गोळ्या आता माझ्यासमोर, डबा खाऊन झाल्यावर. विहिरीवर नळी खरंच जोडलेली आहे, धूळ चिखल होऊन येते. घरोटवाल्या बाबांना गुरुवारी बोलावलं. गारगोटीवाला मुलगा विचारतोय, मामाच्या गावी न्यायला चिठ्ठीची एक प्रत मिळेल का. दोन काढून ठेवल्या.